सातारा-सांगलीत सायकल सफर: कुठल्या महिन्यात कुठला रस्ता

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत तो एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. पसरणी घाट उतरून वाईत आलं की आकडा हजाराच्याही खाली जातो, आणि तसंच पूर्वेला दहिवडी-म्हसवडपर्यंत गेलं तर जेमतेम पाचशेच्या घरात येतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात, सायकलवरून दोन दिवसांच्या अंतरात, पाऊस दहापटीनं कमी होतो. सांगली जिल्ह्यातही तेच आहे. पश्चिमेला शिराळ्याच्या वरचं चांदोली धो-धो पावसाचं, तर पूर्वेला जत आणि आटपाडी टँकरसाठी ओळखले जाणारे तालुके.

कारण शाळेत शिकलेलंच आहे, पण रस्ता ठरवताना ते विसरलं जातं. अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावरच बहुतेक पाणी सोडून देते. भिंत ओलांडून पलीकडे उतरताना हीच हवा तापते आणि कोरडी होत जाते. ढग दिसत राहतात, पाऊस मात्र पडत नाही.

बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात, ‘कासला जाऊ’, ‘कोयनेला जाऊ’, आणि मग सुट्टी शोधतात. या दोन जिल्ह्यांत क्रम उलटा ठेवला तर सफर सुखाची होते. सुट्टीची तारीख आधी धरायची. त्या तारखेला कुठला पट्टा सायकलला योग्य आहे ते बघायचं. मग वारा कुठून असेल त्यावरून तोंड कुठे करायचं ते ठरवायचं आणि सगळ्यात शेवटी गावांची नावं नकाशावर जोडायची. त्यासाठी तीन पट्टे डोक्यात पक्के हवेत: घाटमाथा (महाबळेश्वर, कास, ठोसेघर, कोयना, चांदोली), मधला कृष्णाकाठ (वाई, सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली) आणि पूर्वेचा दुष्काळी पट्टा (माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत).

जून ते ऑगस्ट: पूर्वेला जा, आणि पूर्वेकडेच तोंड करून जा

पावसाळा म्हटलं की हिरवा घाट आठवतो. सायकलवर सामान लादून निघणाऱ्यासाठी मात्र जुलैतला घाटमाथा ही सगळ्यात वाईट निवड आहे, आणि फक्त भिजण्यामुळे नव्हे. आंबेनळी, केळघर, कुंभार्ली अशा घाटांत दरडी याच दिवसांत येतात. जुलै २०२१ मध्ये आंबेनळी घाटाची काय अवस्था झाली ती सगळ्यांनी पाहिली. धुकं इतकं दाट असतं की समोरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दहा-वीस मीटरवर आल्यावर दिसता. रस्त्याच्या कडेला, नेमकी जिथून सायकल जाते तिथे, शेवाळ धरतं. आणि ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत त्या उगीच नाहीत. तिथला आडवा वारा पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लावायच्या सामानाच्या पिशव्या) लावलेल्या सायकलला सहज रस्त्याच्या मध्यावर ढकलतो. ताशी ४० किलोमीटरच्या वर झोत असतील तर पठारावर जायचंच नाही.

त्याच दिवसांत माण-खटावमध्ये काय असतं? दिवसभर ढगांची सावली, हवेत गारवा, एखादी भुरभुर आणि पश्चिमेकडून सलग वाहणारा वारा. या भागातला मुख्य पाऊस सप्टेंबरात पडतो, जुलैत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे हे कोरडे आठवडे सायकलला वर्षातले सर्वांत चांगले ठरतात.

या वाऱ्याचा हिशेब नीट समजून घ्यावा, कारण पावसाळ्यात चढापेक्षा तोच जास्त दमवतो. हवेचा रोध फक्त तुमच्या वेगावर अवलंबून नसतो. तुमचा वेग अधिक समोरच्या वाऱ्याचा वेग, या बेरजेच्या वर्गाच्या प्रमाणात तो वाढतो. हवामानाच्या अंदाजात सांगितलेला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. सायकलस्वाराच्या छातीशी त्यातला साधारण दोन तृतीयांश लागतो. समजा सामानासह तुमचं वजन १०० किलो आहे आणि शांत हवेत सपाटीवर तुम्ही आरामात ताशी २० ने जाता. अंदाजातला वारा २० चा असेल आणि तो समोरून आला, तर तेवढ्याच ताकदीत वेग १३-१४ वर येतो. तोच पाठीवर घेतला तर २७ च्या आसपास जातो. ८० किलोमीटरच्या टप्प्याला एका दिशेनं तीन तास, तर उलट दिशेनं सहा. रस्ता तोच, चढ-उतारही तेच.

म्हणून पावसाळी सफर गोल आखू नये. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं आणि परत येताना रेल्वे धरायची. सातारा, कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड हा पंढरपूरकडे जाणारा रस्ता जवळजवळ सरळ पूर्वेला जातो. अंतर साधारण ९० किलोमीटर. मुख्य चढ वर्धनगडाचा, तो पहिल्या टप्प्यातच उरकतो आणि पाठीवर वारा असल्यानं तोही सुसह्य होतो. म्हसवडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दिघंची-आटपाडीमार्गे सांगोला गाठता येतं. सांगोला मिरज-पंढरपूर लोहमार्गावर आहे. ज्यांना सांगली जिल्ह्यातच राहायचं आहे त्यांनी मिरजेहून निघून कवठे महांकाळ, जत असं पूर्वेला जावं. तोच लोहमार्ग थोड्या अंतरानं सोबत असतो.

एक गोष्ट आधी बघून घ्यायची: आषाढी वारीचं वेळापत्रक. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेनं जाते. त्या दिवसांत लोणंद-फलटण पट्ट्यातली वाहतूक वळवलेली असते आणि मुक्कामाला जागा मिळत नाही. पालखीचे दिवस आणि आपले दिवस एक येत असतील तर कोरेगाव-दहिवडीचा रस्ता धरावा.

सांगलीत ऊन पडलं असलं तरी पूर येतो

कृष्णाकाठचा धोका डोक्यावर दिसत नाही, म्हणून हा भाग सविस्तर. सांगली शहरात महापुराच्या दिवसांतही कधीकधी लख्ख ऊन असतं. पाणी येतं ते महाबळेश्वर, कोयना आणि चांदोलीच्या पाणलोटातून. कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला मिळते. कोयना आणि वारणेवरचं चांदोली, या दोन्ही धरणांचे दरवाजे उघडले की सगळं पाणी सांगलीच्या अंगणात एकत्र येतं. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस आणि सांगलीतली वाढलेली पातळी यांच्यात एखाद-दुसऱ्या दिवसाचं अंतर असतं. म्हणून कृष्णाकाठची सफर आखताना सांगलीचा अंदाज बघून उपयोग नाही. कोयना धरणातला साठा आणि सोडलेला विसर्ग बघायचा. धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. जुलैअखेर ते भरत आलं असेल आणि घाटमाथ्याला मुसळधारेचा इशारा असेल तर तो आठवडा नदीकाठ सोडून द्यायचा.

दुसरा आकडा सांगलीच्या आयर्विन पुलाचा. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. पण सायकलवाल्याचा रस्ता त्याच्या फार आधी बंद होतो, कारण आपण ज्या शांत वाटा निवडतो त्या बंधाऱ्यांवरून जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची माथ्यावरची वाट नदीच्या पात्रात अगदी खाली असते. पावसाळ्यापूर्वी बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून ठेवले तरी पाणी जरा चढलं की ती बुडते. गावातली माणसं ‘बंधारा गेला’ म्हणतात तेव्हा तो वाहून गेलेला नसतो, पाण्याखाली गेलेला असतो. पाणी वीतभर दिसलं तरी त्यात सायकल घालायची नाही. वाहत्या पाण्याचा जोर चाकावर आडवा लागतो आणि खालची कड दिसत नाही. पाणी उतरल्यावरही पहिले चार-पाच दिवस टाळावेत. माथ्यावर बोटभर जाडीचा गाळ बसलेला असतो, वरून सुकलेला आणि आतून साबणासारखा बुळबुळीत. कठड्याचे खांबही बऱ्याचदा निखळलेले असतात.

पाणंद रस्त्यांचंही तेच. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाऊस झाला की ती टायर आणि मडगार्डच्या फटीत गच्च बसते. दोन-तीनशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. जोर लावून ओढलं तर मडगार्डची पट्टी वाकते, डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढला जाऊन त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो, आणि हँगर तुटला की सफर तिथेच संपते. चांगला पाऊस झाल्यावर निदान दोन कोरडे दिवस गेल्याशिवाय काळ्या मातीच्या वाटेला जाऊ नये. नाइलाज झालाच तर सायकल उचलून कडेच्या गवतावरून चालावं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: पट्ट्यांची अदलाबदल

सप्टेंबरच्या मध्यापासून चित्र उलटं होतं आणि पुष्कळ जण इथेच फसतात. जुलैत कोरडा असलेला पूर्व भाग आता दुपारच्या गडगडाटी पावसाचा होतो. घाटमाथ्यावरचा सलग पाऊस मात्र तुटक होत जातो, उघडीप मिळू लागते.

परतीच्या पावसाचा स्वभाव वेगळा आहे. सकाळ स्वच्छ, अकरापर्यंत ऊन चटके देतं, दोनच्या सुमारास पूर्वेला किंवा दक्षिणेला ढगांचे फुलकोबीसारखे डोंगर उभे राहतात आणि तीन ते सात या वेळात वीज, वारा आणि तासाभराचा जोरदार पाऊस. माणगंगा आणि येरळा या वर्षभर कोरड्या दिसणाऱ्या नद्या, आणि त्यांना मिळणारे ओढे, अशा एका पावसात फरशी पुलावरून वाहायला लागतात. फरशीवर पाणी असेल तर थांबायचं. असे ओढे जितक्या लवकर भरतात तितक्याच लवकर उतरतात, बहुतेक वेळा दोन-तीन तासांत वाट मोकळी होते.

विजेचं भय इथे खरं आहे. जतचा माळ असो की कासचं पठार, आसपास तुमच्याहून उंच काही नसतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० सेकंद म्हणजे वीज १० किलोमीटरवर. ३० च्या आत आलं की पक्कं घर, शाळा किंवा बंद गाडी गाठायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. एकट्या झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही. काहीच मिळालं नाही तर सायकलपासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसायचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं. या दोन महिन्यांत ते फोनमध्ये असायलाच हवं.

म्हणून या काळात टप्पा ६० किलोमीटरच्या आत ठेवायचा, सहाला निघायचं आणि दोनच्या आत मुक्कामी पोचायचं. कासला जायचं तर हीच वेळ. फुलांचा बहर साधारण सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. साताऱ्यापासून अंतर २५ किलोमीटर, सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पठार सुमारे १२०० वर. यवतेश्वरचा घाट शहर सोडताच सुरू होतो, त्यामुळे पाय गरम व्हायच्या आतच कस लागतो. पहिली दोन-तीन किलोमीटर मुद्दाम हलक्या गिअरवर काढावीत. शनिवार-रविवार टाळा. त्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या अडकल्या की सायकलला कडेची साईडपट्टीही उरत नाही. हंगामात प्रवेशाला शुल्क आणि आधी नोंदणी असते, ते निघण्यापूर्वी बघून घ्यावं.

पावसाळा संपताना पूर्व भागात आणखी एक त्रास सुरू होतो: सराटे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सराट्याची वेल रस्त्याच्या कडेला पसरून वाळते आणि तिचे तिकोनी काटे टायरला चिकटतात. एका थांब्यात चार-पाच पंक्चर व्हायला वेळ लागत नाही. सावलीला थांबताना सायकल ढकलत मातीत नेऊ नका, उचलून न्या. परत डांबरावर आल्यावर चाक हळू फिरवत टायरवरून जाड हातमोजा फिरवा. बाभळीचा काटा जाड असतो, तो टायर लाइनरनंही (टायर आणि ट्यूबच्या मधे घालायच्या पट्टीनंही) नेहमी अडत नाही. या पट्ट्यात दोन जादा ट्यूब, आठ-दहा पॅच आणि ट्यूबमध्ये सीलंट (बारीक छिद्रं आतून बुजवणारं द्रव), एवढी तयारी ठेवावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सगळे रस्ते खुले, पण घड्याळ आखडलेलं

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस माघारी जातो. नोव्हेंबरपासून तिन्ही पट्टे खुले होतात. वारा मंद असतो, बहुधा पूर्वेकडून. आता गोल सफर आखायला हरकत नाही.

सगळ्यात सुंदर फेरी सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि पुन्हा सातारा. एकूण सुमारे १२० किलोमीटर, दोन दिवसांची. ती याच दिशेनं करावी असं आमचं ठाम मत आहे. मेढ्याकडून चढताना वाहनं कमी लागतात. वाईहून पसरणी चढायला गेलात तर पुण्याकडून येणारी पर्यटकांची सगळी गर्दी तुमच्या पाठीशी हॉर्न वाजवत असते. चढताना सायकल थोडी डगमगते, तेव्हा मागे मोकळा रस्ता हवा. उतरताना तुमचा वेग गाड्यांच्या वेगाजवळ असतो, त्यामुळे रुंद पसरणी उताराला ठीक पडतो. पसरणीच चढायचा असेल तर वाईपासून पाचगणीपर्यंत १२ किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढ आहे, सरासरी ५ टक्के. सामानासह दोन-सव्वादोन तास धरा आणि मधल्या वारी, सकाळी सातला सुरुवात करा.

कराडहून पाटणमार्गे कोयनानगर, साधारण ५७ किलोमीटर, हाही याच दिवसांचा रस्ता. कास ओलांडून बामणोलीला उतरायचं, शिवसागर जलाशय लाँचनं पार करून तापोळ्याला जायचं आणि तिथून महाबळेश्वर चढायचं, ही वाट तर फार थोड्यांनी केलेली असते. लाँचवाला सायकली घेईल का, किती घेईल आणि शेवटची फेरी कितीची, हे आदल्या दिवशी फोनवर पक्कं करावं. तापोळ्याहून वरचा चढ लांब आणि निर्जन आहे, तो दुपारी दोननंतर सुरू करू नये.

हिवाळ्यात दिवस लहान असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. उजेड साधारण अकरा तासांचा, जूनच्या मानानं दोन तास कमी. त्यात सकाळचा वेळ धुकं खातं. रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. त्यामुळे पहाटे वाई, कराड, पलूस इथे डोंगरावरच्यापेक्षा जास्त गारठा असू शकतो. पाटाच्या पाण्यानं ओल्या असलेल्या उसाच्या रानात धुकं आणखी दाटतं, साडेआठ-नऊपर्यंत हटत नाही. नदीकाठच्या टप्प्याला आठच्या आधी निघण्यात अर्थ नाही. घाट उतरायचा असेल तर नऊनंतर. ताशी ४० च्या वेगात उतरताना १२ अंशांची हवा बोटं बधिर करते आणि ब्रेक दाबायला तीच बोटं लागतात. वाऱ्यासाठी एक पातळ जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पुरतात. जाड स्वेटर चढावर घामानं भिजतो आणि उतारावर तोच गारठवतो.

कृष्णाकाठी हिवाळ्यातला खरा धोका ऊसवाहतुकीचा आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कराड, इस्लामपूर, वाळवा, पलूस, सांगली या सगळ्या पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस हात-दीड हात बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणजे ओव्हरटेक संपलं असं समजून सायकल आत घेतली की दुसरी ट्रॉली अंगावर येते. तिला वळणावर आतल्या बाजूला घसरायची सवय असते. दोन्ही ट्रॉल्या पूर्ण जाईपर्यंत कडेलाच राहा. रात्री पुष्कळ ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना मागचा दिवा नसतो, रस्त्यावर पडलेली उसाची मोळी अंधारात दिसत नाही. कराड-सांगली टप्पा औदुंबर, भिलवडीमार्गे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच याच वेळात करावा. सागरेश्वर अभयारण्य बघायचं असेल तर देवराष्ट्रे धरून एक दिवस वाढवावा. जानेवारी अखेरपासून तासगाव, कवठे महांकाळकडे द्राक्षांचा हंगाम असतो. त्या भागासाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम.

मार्च ते मे

फेब्रुवारी सरला की पूर्व भाग सोडायचा. एप्रिल-मेमध्ये जत-आटपाडीकडे पारा चाळिशी गाठतो आणि हवा कोरडी असल्यानं घाम लगेच उडून जातो. अंग ओलं दिसत नाही म्हणून पाणी कमी पडलंय हे कळत नाही. उंचीचा फायदा साधा आहे: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतार. साताऱ्यात ३८ असेल तर महाबळेश्वरला ३३-३४. या महिन्यांत घाटमाथाच बरा, तोही पहाटे साडेपाच ते साडेदहा. तासाला ६०० ते ७५० मिलिलिटर पाणी, सोबत तीन लिटर आणि दर दोन तासांनी ओआरएस. पाकिटावर लिहिलं आहे तसं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर या दिवसांत वणवे लागतात. घाटात धूर दिसला तर वर चढू नका, धूर उताराबरोबर वरच जातो. मे महिन्यात वळवाचा पाऊस संध्याकाळी येतो. त्याला ऑक्टोबरचेच नियम.

पहिल्या पावसाचा दिवस, वळवाचा असो की जूनचा, सायकल बाहेर काढू नये असा एकच दिवस सांगायचा तर तो हा. महिनोन्‌महिने डांबरात मुरलेलं तेल आणि धूळ वर येऊन रस्ता लोण्यासारखा होतो. दोन-तीन चांगल्या सरींनी धुतल्यावर पकड परत येते.

अंदाज कसा वाचायचा

हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज पाच दिवसांचा असतो, पण ‘सातारा’ या एका शब्दात महाबळेश्वर आणि म्हसवड दोन्ही येतात. म्हणून घाटाचा इशारा वेगळा दिला आहे का ते बघा. ‘सातारा घाट’ असा स्वतंत्र उल्लेख असतो. नारिंगी इशारा घाटाला आणि हिरवा मैदानाला असेल तर पूर्वेची सफर खुशाल करावी. शब्दांना मोजमाप आहे: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. तीन-चार दिवसांपलीकडच्या अंदाजावर मुक्काम पक्के करू नयेत. आठवडाभर आधी पट्टा ठरवावा, तीन दिवस आधी रस्ता, आणि निघायची वेळ आदल्या रात्री. सकाळी निघताना तीन तासांचा तात्कालिक अंदाज पुन्हा एकदा बघावा.

टप्प्याचा वेळ काढायची ढोबळ रीत अशी: सपाटीचा वेग ताशी १६ धरा, त्यात प्रत्येक १०० मीटर चढाला १५ मिनिटं मिळवा. सातारा ते महाबळेश्वर मेढामार्गे ५५ किलोमीटर आणि एकूण चढ ९०० मीटर धरला तर साडेतीन तास अधिक सव्वादोन तास, म्हणजे पावणेसहा. त्यावर जेवण-चहाचा दीड तास. समोर वारा असेल तर सपाटीच्या वेळेत निम्म्यानं वाढ करा. बेरीज उजेडाच्या तासांपेक्षा निदान दोन तास कमी यायला हवी, नाहीतर मुक्काम अलीकडे घ्या.

सायकलीत काय बदलायचं

पावसात रिम ब्रेकची रबरं वाळूमिश्रित पाण्यात झपाट्यानं झिजतात. घाटाचे एक-दोन उतार पुरे होतात. एक जादा जोडी सोबत ठेवा आणि रोज संध्याकाळी रबरात रुतलेली खडी सुईनं काढा. ओल्या उतारावर दाबल्याबरोबर ब्रेक लागत नाही, आधी रिमवरचं पाणी पुसलं जावं लागतं. म्हणून वळणाच्या बरंच आधीपासून हलका दाब ठेवायचा. टायरची हवा ३२ मिलिमीटरच्या टायरला नेहमी ६० पीएसआय ठेवत असाल तर ओल्यात ५० ते ५५ ठेवा. चेनला पावसाळ्यात जाडसर ओलं ल्यूब (वंगण) लावा. तेच ल्यूब फेब्रुवारीत माणच्या धुळीत लावलं तर दोन दिवसांत काळी पेस्ट होऊन गिअर अडकतात, तिथे कोरडं ल्यूब हवं. पॅनिअर जलरोधक म्हणून विकत घेतलेला असला तरी कपडे आणि कागद आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मागचा लाल दिवा पावसात आणि धुक्यात दिवसाही चालू ठेवा. डिरेलरचा जादा हँगर वजनानं काहीच नसतो, पण तो प्रत्येक सायकलला वेगळा लागतो, वाटेतल्या दुकानात मिळत नाही.

परतीची सोय रस्त्याइतकीच आधी बघायची. दर २५-३० किलोमीटरवर एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशन असेल असा रस्ता निवडा. एसटीच्या टपावर सायकल टाकायची सोय आता सगळ्या गाड्यांना नसते. अडचणीत एखाद्या छोट्या हत्तीवाल्याचा नंबर जास्त कामाला येतो. तो मुक्कामाच्या गावात विचारून ठेवावा. रेल्वेत सायकल ब्रेकव्हॅनमध्ये जाते. त्यासाठी पार्सल ऑफिसात नोंद करावी लागते आणि गाडीच्या निदान तासभर आधी पोचावं लागतं. छोट्या स्टेशनवर गाडी मिनिटभरच थांबते, तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून सायकल चढवणं होत नाही. म्हणून सांगोल्याहून किंवा कवठे महांकाळहून परतायचं असेल तर त्या गाडीला तिथे सायकल घेतात का, हे मिरजेच्या पार्सल ऑफिसात आधीच विचारावं. ‘नाही’ म्हणाले तर शेवटचा टप्पा पंढरपूरपर्यंत वाढवावा. पुढची चाकं काढून, पेडल उलटी बसवून आणि हँडल फ्रेमला बांधून दिलं तर दोन सायकली एका सायकलीच्या जागेत मावतात.